सहाशेचा पाइप

११ फेब्रुवारी

सगळं हिरवं! एकही पाइप लाल नाही!

दुपारी दीपमालानं स्क्रीन माझ्याकडे वळवली. टेकडीवरून उतरणारं पाणी, आमच्या सोसायटीचं फाटक, तिथून खालची गल्ली, मग मोठा रस्ता ओलांडून थेट नाला. सगळी लाइन हिरवी, म्हणजे पाणी कुठेच तुंबत नाही. "मॅम, एका रनमध्ये सगळं पास!" म्हणून पोरीनं खुर्चीसकट गिरकी घेतली. अकोल्याची आहे, माझ्या हाताखाली पावसाळी गटारांची डिझाइनं करते. हुशार आहे. फक्त कानात सतत काहीतरी खुपसलेलं असतं.

मीपण हसले. का हसू नये? आख्खी नोकरी लोकांच्या दारातलं पाणी काढण्यात गेली, पहिल्यांदाच आपल्या दारातलं काम आलंय. दर पावसाळ्यात आमचं पार्किंग भरतं आणि स्कूटरींच्या फक्त सीटा वर दिसतात. फाटकापुढचा पाइप अरुंद, पाणी जाणार कुठे? आता तिथे नऊशे मिलिमीटरचा पाइप येणार. आप्पासाहेब — आमच्या ऑफिसचे मालक — म्हणाले, "चला, पद्मजाबाई, एकदाची तुमची स्कूटर वाचली."

घरी येऊन सांगितलं. श्रीनिवास सोसायटीचा सेक्रेटरी. त्यानं लगेच ग्रुपवर टाकलं — "पार्किंगचा प्रश्न सुटला आहे. शंका असल्यास लेखी द्याव्यात." बँकेतून रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याला अजून सगळं लेखीच लागतं!

१३ फेब्रुवारी

डोकं भणभणतंय.

आज छापायला म्हणून लाइनचा उभा छेद काढला. त्यात वर जमीन दिसते आणि खाली पाइप उतरत जाताना दिसतो. मोठ्या रस्त्याखालचा तुकडा — बाराशेचा. बाराशे?? तो तर जुना पाइप आहे. सहाशेचा. मी स्वतः वाकून बघितलाय, त्याच्या तोंडात प्लॅस्टिकची खुर्ची अडकली होती.

मग लक्षात आलं. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक पाइपापुढे एक चौकोन असतो. त्यात टिक असली की हा पाइप नवा घालायचाय असं ते समजतं, आणि पाणी मावेपर्यंत त्याला मोठा करत जातं. जुन्या पाइपाची टिक काढायची असते. आम्ही काढली नाही. झालं! त्यानं मोठ्या रस्त्याखाली गुपचूप बाराशेचा पाइप घातला, ना खोदाई ना परवानगी, आणि आमच्या तोंडावर हिरवा रंग फासला.

दीपमाला रडवेली झाली. "मॅम, मी तुम्हाला विचारून राहिली होती ना, एक्झिस्टिंगचं चेक करू का म्हणून." विचारलं होतं. मीच म्हटलं होतं, नंतर बघू, आधी रन तर मार. तिला काय बोलणार, कपाळ! तपासणारी मी. दुसऱ्या कुणाचं काम असतं तर मी आधी जुना पाइपच बघितला असता. इथे आपलं पार्किंग होतं. हिरवं दिसलं आणि मी खूश झाले.

टिक काढली. पुन्हा रन. आता पाणी कुठवर चढेल ती निळी रेषा खालच्या गल्लीत जमिनीच्या वर आली. चांगली हातभर वर. चेंबर नंबर चौदा. तो कुठे आहे हे मला नकाशात शोधावं लागलं नाही. सोजरबाईंच्या गिरणीच्या दारात आहे तो.

१४ फेब्रुवारी

दळणाचं निमित्त करून गेले. सोजरबाई पुढे दळतात, मागच्या खोलीत राहतात. नवरा गेल्यापासून एकट्याच. जे काय आहे ते त्या गिरणीवर.

विचारलं, "पावसात पाणी येतं का हो इथं?"

"येतंय की, घोट्यापत्तुर. दारातनंच जातंय म्होरं. आत न्हाई आलं कदी."

घोट्यापर्यंत! आमच्याकडे कमरेपर्यंत आणि त्यांच्याकडे घोट्यापर्यंत. गहू दळून होईपर्यंत बाकावर बसून विचार करत होते. आमचा पाइप अरुंद म्हणून पाणी आमच्या पार्किंगमध्ये तुंबतं, आणि तुंबतं म्हणून खाली सावकाश येतं. इतकी वर्षं आमचं पार्किंगच या गल्लीचं धरण होतं, आणि आम्ही शिव्या घालत होतो! आता मी नऊशेचा पाइप घातला की ते सगळं पाणी एका दमात खाली येणार, पुढे सहाशेच्या तोंडाशी अडणार आणि चौदातून वर येणार. गिरणीत. मोटर, गहू, मागच्या खोलीतली गादी, सगळं.

त्यांना काही बोलले नाही. काय बोलणार? "ताई, गप्प का?" म्हणाल्या. डोकं दुखतंय म्हटलं. ते खोटं नव्हतं.

१७ फेब्रुवारी

आप्पासाहेबांना सगळं सांगितलं. खाली तांबटांची ठोकाठोक चालली होती, दोनदा ओरडून सांगावं लागलं. कसबा पेठेत ऑफिस म्हणजे हे असं.

मोठ्या रस्त्याखाली पाइप बदलता येणार नाही. तो रस्ता स्वारगेटकडे जातो, आत्ताच काँक्रीटचा झालाय. वर पिण्याच्या पाण्याची मोठी लाइन, बाजूला विजेच्या केबली. बाराशेचा सोडा, तिथे सातशेचासुद्धा बसत नाही. हे मलाही माहीत होतं, तरी विचारून बघितलं.

आप्पासाहेबांनी चष्मा काढून पुसला. "बाई, आपलं काम चौदा नंबरपर्यंत. त्यापुढचा पाइप जुना, तो आपल्या कामात नाही. तसं अहवालात एक वाक्य टाका आणि सही करा. उद्या कुणी विचारलं तरी आपल्याकडे बोट दाखवता येणार नाही."

बरोबर आहे. शंभर टक्के बरोबर आहे. कागदावर आपलं काहीच चुकत नाही. वर श्रीनिवास खूश, सोसायटी खूश, स्कूटरी कोरड्या.

"उद्या करते" म्हटलं.

१८ फेब्रुवारी

नाही केली.

२० फेब्रुवारी

सुचलं! आंघोळ करताना सुचलं, टॉवेल गुंडाळून कागद शोधत होते.

पाणी अडवायचंच आहे ना? मग पार्किंगमध्ये कशाला, शेजारच्या मैदानात अडवू! सोसायटीचं मैदान फाटकाला लागूनच आहे. ते दोन फूट खाली घ्यायचं. टेकडीचं पाणी आणि पार्किंगचं पाणी आधी तिथे उतरवायचं, आणि मैदानातून बाहेर जायला मुद्दाम बारीक पाइप ठेवायचा. पाणी काही तास मैदानात बसेल आणि हळूहळू खाली जाईल. पार्किंग कोरडं, गल्ली कोरडी. ओलं होईल ते फक्त मैदान.

दीपमालाला मांडायला सांगितलं. निळी रेषा चौदा नंबरवर जमिनीच्या खाली! या वेळी एकूण एक टिक मी स्वतः बघितली. ती म्हणाली, "मॅम, पण मैदानावर तुमचा गणपती बसतो ना? फोटो पाहिले मी तुमच्या स्टेटसवर."

अगं बाई. गणपती!

आणि मैदान सोसायटीच्या मालकीचं. सभेचा ठराव लागणार.

२३ फेब्रुवारी, रविवार

वाट लावली. मीच लावली.

सभेत पंधरा मिनिटं सगळे नीट ऐकत होते. खालच्या गल्लीचं सांगितलं, सोजरबाईंचं सांगितलं. माना हलत होत्या. मग पहिल्या मजल्यावरच्या कुसुमकाकू उठल्या. "हे सगळं छान आहे. पण मंडप त्या खड्ड्यात का? गणपती काय पाण्यात बसवायचा?"

आणि मी — जिभेला हाड असेल तर शपथ! — म्हणाले, "शेवटी पाण्यातच घालता ना? तेवढीच मिरवणूक वाचेल."

मग जे सुरू झालं! कुणी म्हणे मुलांचं क्रिकेट, कुणी म्हणे डास, कुणी म्हणे तुमच्या सॉफ्टवेअरला मैदान तेवढं दिसलं का. एक गृहस्थ म्हणाले, "खालच्या गल्लीत घर घ्यायला आम्ही सांगितलं होतं का?" नऊशेचाच पाइप हवा. प्रस्ताव नामंजूर, एकमतानं. श्रीनिवासनं इतिवृत्त लिहिलं. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

२४ फेब्रुवारी

आईचं वाक्य आठवलं — तुझी सासू तुझ्या जिभेतच बसलीय. सासूबाई बिचाऱ्या फार गोड होत्या. आई बरोबर होती.

१ मार्च

घरात अबोला. "चहा ठेवलाय," "गॅस आला," एवढंच.

आज शेवटी श्रीनिवासनंच विचारलं, "मग नऊशेच्या पाइपावर सही कधी करतेयस?"

"करणार नाही. अहवाल मागे घेतेय. दुसऱ्या कुणाकडून करून घ्या."

"म्हणजे या पावसाळ्यात पार्किंग तसंच?"

"तसंच."

"मी ग्रुपवर लिहून बसलोय, पद्मजा! सगळ्यांना सांगितलं, माझी बायको यातली तज्ज्ञ आहे. घरात तज्ज्ञ असून स्कूटर बुडणार असेल तर उपयोग काय तुझा?"

फार लागलं. उत्तर सुचलं होतं, चांगलं झणझणीत सुचलं होतं. पण सभेपासून तोंडाला कुलूप लावलंय. भाजी चिरत बसले. कांदा नव्हता, तरी डोळे भरले.

५ मार्च

अजब झालं.

दुपारी मी डायनिंग टेबलावर लॅपटॉप घेऊन बसले होते. श्रीनिवास शेजारी येऊन बसला. "दाखव काय ते." आधी हाताची घडी होती. मी नऊशेचा पाइप दाखवला, निळी रेषा दाखवली. "पाऊस कमी केला तर?" केला. "आणखी कमी?" केला. नेहमीच्याच जोराच्या पावसाला आणून ठेवला, तरी रेषा चौदावर जमिनीच्या वर. मग त्यानं माझ्या हातातून माऊस घेतला. आकडे दिसले की त्याला राहवत नाही. पाऊस वाढवून बघितला, कमी करून बघितला, पाइप बदलून बघितला. काही केल्या रेषा खाली येईना.

"हे चौदा म्हणजे नक्की कुठे?"

"सोजरबाई."

त्यानं माऊस सोडला. दर शनिवारी दळण तोच नेतो. दोघांच्या गप्पा चालतात, त्या याला गव्हाचे भाव शिकवतात. मग विचारलं, "त्यांना माहितीये?"

"नाही."

"सांगू नकोस." मग चष्मा पुसत म्हणाला, "मैदानवालं काढ. त्यातला बारीक पाइप आहे ना, तो आणखी बारीक करून बघ बरं."

त्याचं त्या दिवशीचं बोलणं माझ्या मनातून गेलेलं नाही. पण मी त्याच्यासाठी चहा टाकला, आलं घालून.

९ मार्च, रविवार

पुन्हा सभा. मला सक्त ताकीद — "तू फक्त आकडे सांगायचे. कुणी काही विचारलं तर माझ्याकडे बघायचं. गणपती हा शब्द तोंडातून काढायचा नाही." मी शाळकरी पोरीसारखी बसले होते.

श्रीनिवास उभा राहिला. मंडप या वर्षीपासून पार्किंगमध्ये, कारण पार्किंग आता कोरडं राहणार. मग उत्सवात गाड्या कुठे? गाड्या बाहेर रस्त्यावर. बाप रे! गिरणी बुडण्यापेक्षा जास्त आरडाओरडा झाला. दहा दिवस गाडी उन्हापावसात! "माझी गाडी पहिली बाहेर," म्हणाला, आणि सगळ्यांना बोलू दिलं. कुणाला अडवलं नाही. सगळे दमले.

मग अगदी बँकेच्या काउंटरवरच्या आवाजात म्हणाला, "ठरावाला विरोध असेल त्यांनी लेखी द्यावा. मजकूर सोपा आहे — माझ्या मैदानात काही तास पाणी उभं राहण्यापेक्षा ते खालच्या गिरणीत शिरलेलं मला चालेल. खाली सही आणि फ्लॅट नंबर. ती पत्रं मी शनिवारी दळणाला जाईन तेव्हा सोजरबाईंना स्वतः वाचून दाखवीन. त्यांना वाचता येत नाही."

कोऱ्या कागदांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. वर पेन.

कुणी उठलं नाही. कुसुमकाकूंनी दोनदा पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "आरतीला तरी पार्किंगात पंखे लावा म्हणजे झालं."

ठराव मंजूर. माझ्या नवऱ्याचा इतका अभिमान मला लग्नात वाटला नव्हता. त्याला सांगितलं नाही, डोक्यावर बसेल.

१२ मार्च

सही केली. आप्पासाहेब म्हणाले, "स्वतःच्या दारात तळं मागून घेणारी बाई पहिल्यांदाच बघतोय." दीपमालानं सगळ्यांना सामोसे दिले.

८ मे

जेसीबी आला. मैदानाचं रूप बघवत नाही. मुलं कडेला बसून माझ्याकडे बघतात — खलनायिका! एकानं विचारलं, "काकू, तुमच्या लहानपणी तुम्हाला खेळायला देत नव्हते का?"

२६ जून

चेंबरची झाकणं बसली. बारीक पाइपाच्या तोंडाला जाळी बसवून घेतली, खुर्ची अडकायला नको. रिमझिम आहे. मैदानात चिखल. ग्रुपवर डासांचा फोटो, खाली माझं नाव.

२१ ऑगस्ट

आज आला तो खरा पाऊस. दुपारी जेवणं होतायत तोवर अंधारून आलं आणि नुसतं ओतायला लागलं. दीपमालाचा ऑफिसमधून फोन — "मॅम, सगळीकडे ट्रॅफिक जॅम आहे, तुमचं मैदान काय म्हणतंय?"

मैदान भरत होतं. बघता बघता पायरी बुडाली, मग दुसरी. पार्किंगमध्ये मंडपाचे बांबू उभे राहिलेत, तिथे थेंब नाही. सगळे गॅलरीत. कुणी तरी ओरडलं, "पद्मजाताई, होड्या कधी मिळणार?" मी छत्री घेऊन काठावर उभी. जाळीशी पाला अडकला की श्रीनिवास झाडूच्या दांड्यानं काढत होता, पँट गुडघ्यापर्यंत वर. या वयात!

"खाली जाऊन बघून ये ना एकदा," म्हणाला.

नाही गेले. स्क्रीनवरची रेषा ती स्क्रीनवरची. एखादी उंची चुकली असेल, एखादी टिक राहिली असेल, आणि खाली त्या बाईच्या घरात पाणी असेल तर मी काय तोंड दाखवू? इतकी वर्षं हेच काम केलं, पण आपल्या रेषेची इतकी भीती कधी वाटली नव्हती. दोन कागद आणि एक सही करून आम्ही मोकळे होतो, आणि पाऊस कुठे पडतो तर दुसऱ्याच्या दारात.

पाऊस थांबला. पाणी इतकं हळू उतरत होतं की बघून बघून डोळे दुखले.

२२ ऑगस्ट

सकाळी मैदान रिकामं! चिखल, दोन चपला, एक चेंडू. कुसुमकाकू म्हणाल्या, "चेंडू तरी मिळाला." ग्रुपवर सगळ्यांनी चिखलाचा फोटो टाकलाय. पार्किंगचा एकानंही नाही.

२३ ऑगस्ट

दळण घेऊन गेले. गिरणीत पाण्याचा टिपूस नाही. भिंत कोरडी, पोती कोरडी. जीव भांड्यात पडला. सोजरबाई खुशीत होत्या. "औंदा पाऊसच कुटं झाला, ताई? परवा निस्ता आवाज केला त्यानं. दारातबी न्हाई आलं पानी. म्हनून म्हटलं, आता कशाला भ्यायचं?" आणि मला हाताला धरून मागच्या खोलीत नेलं. नवीकोरी मसाल्याची चक्की. भुईवर, अगदी जमिनीलगत बसवलेली.

"छान आहे," म्हटलं.

चहा न घेताच वर आले. श्रीनिवासला म्हटलं, मैदान अजून फूटभर खोल करायला हवं.